कात्रजच्या पाण्यामागे सायकलवरून: पेठांमधली एक संथ फेरी

सातारारोडकर

आमच्या सुट्टीच्या सायकल फेरीचा विषय इथे मधूनमधून निघतो, व्यनितूनही (व्यक्तिगत निरोपातूनही) विचारणा होते, म्हणून वेगळा धागा काढतोय. शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठ आणि शेवटी मिसळ एवढंच हवं असेल तर या फेरीत मजा येणार नाही. चमत्कारिक नावांचे मारुती आणि विठोबाही आम्ही मुद्दाम टाळतो. त्या गोष्टी इतक्यांनी इतक्या वेळा रंगवून सांगितल्यात की खरी कुठली, हे आता त्या मारुतीलाही सांगता यायचं नाही.

आम्ही पाणी धरून जातो. कात्रजहून निघायचं आणि पेशवाईत ज्या अंगानं पाणी शहरात आलं, जमेल तितकं त्याच अंगानं कसब्यापर्यंत उतरायचं. अर्धं सायकलवर, अर्धं पायी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला आंबील ओढ्यावर बंधारे घालून तळी केली आणि तिथून दगड-चुन्याचा भुयारी नळ पार शनिवारवाड्यापर्यंत आणला. नळ म्हटल्यावर पाईप डोळ्यांसमोर आणू नका. माणूस आत शिरून चालू शकेल एवढा बांधीव बोगदा आहे तो. ना रहाट, ना पंप, सगळा कारभार उतारावर. वाटेत जागोजाग उच्छ्वास, म्हणजे जमिनीतून वर काढलेली दगडी बांधकामं. आत हवा कोंडली की पाणी अडतं. घरी दिवसभर पाणी बंद असलं की संध्याकाळी तोटी आधी खोकते, फसफसते आणि मग पाणी टाकते, तसंच. उच्छ्वासातून ती हवा निघून जायची आणि तिथूनच आत उतरून गाळही काढता यायचा.

आता सायकलच का? कारण हा उतार गाडीतून कळतच नाही. कात्रजहून स्वारगेटकडे येताना पॅडल न मारताही सायकल सुटते. तेव्हा मागून कोणीतरी हमखास ओरडतं, "म्हणजे पाणीपण असंच आलं!" त्या एका वाक्यासाठी मी सगळ्यांना भल्या पहाटे कात्रजला बोलावतो. परत चढताना जे बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सातारा रस्त्याच्या आसपास उच्छ्वास अजून उभे आहेत. एखाद्यावर भित्तिपत्रकांचे थर, एखाद्याच्या आडोशाला चहाची टपरी, एखाद्याला शेंदूर लागलेला. त्याच्या सावलीत रोज बसणाऱ्या माणसाला विचारलं की हे काय आहे, तर उत्तर येतं, "असेल जुनं काहीतरी." मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. निदान तो तिथे बसतो तरी. आपण शेजारून हॉर्न वाजवत जातो.

पुढचा थांबा सारसबाग. तळ्यातला गणपती म्हटलं की लहान मुलं विचारतात, तळं कुठंय? देवळाभोवतीचं कमळांचं पाणी सोडलं तर आज सगळी बाग आहे. पण पर्वतीच्या पायथ्याशी हे मोठं तळं नानासाहेबांनीच करवलं होतं आणि मधल्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत गणपती बसला. आंबील ओढ्याचा शहरातून जाणारा जुना प्रवाहही नानासाहेबांच्याच काळात पश्चिमेकडे वळवला गेला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर येऊन त्याच ओढ्यानं अरण्येश्वर, सहकारनगर भागात काय केलं ते पुणेकरांना सांगायला नको. आम्ही त्या ओढ्यावरच्या पुलावर थांबतो. भाषण वगैरे नाही. ओढ्याची रुंदी बघायची आणि काठावरच्या भिंती बघायच्या.

तिथून महात्मा फुले पेठेत, म्हणजे जुन्या गंज पेठेत, फुले वाडा. १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो इथे. मग मंडईपाशी सायकली लावून पायी फरासखान्याकडे, बाहुलीच्या हौदाला. घोले रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हा हौद माहीत आहे? तो रस्ता ज्यांच्या नावाचा, त्या डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या मुलीच्या, काशीबाईच्या, आठवणीत हा हौद बांधला आणि सगळ्या जातींना खुला ठेवला. घरात तिला लाडानं बाहुली म्हणत. १८७७ मध्ये ती गेली तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती. मुलीला शिकवतात म्हणून नात्यातल्याच कोणीतरी तिला काच घातलेला खाऊ दिला, असं सांगितलं जातं.

पेशव्यांनी नळ आणला हे सगळेच सांगतात. त्या पाण्यात कोणाला घागर बुडवता येत होती आणि कोण लांब उभं राहत होतं, हे सांगितल्याशिवाय माझ्या मते ही फेरी पुरी होत नाही.

शेवटी कसब्यातून तांबट आळी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, मग नागझरी ओढा ओलांडून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती. त्याबद्दल कोणी विचारलं तर प्रतिसादात लिहीन, हात दुखला.

---

ब्रेकफेल

वा! वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक शंका. गिअरची सायकल लागते का? माझी साधी काळी हर्क्युलस आहे, वडिलांची.

---

सातारारोडकर

@ब्रेकफेल, काळी हर्क्युलस असेल तर तुम्हाला सगळ्यात पुढे ठेवू. वेग ताशी दहा-बाराच्या वर जात नाही. फक्त आयडी बदलून या. 😀

---

गिरगावचा_गण्या

मस्त लिहिलंय. आमच्या मुंबईत पाण्यामागे जायचं तर पियाऊ आहेत. दानशूर शेठ लोकांनी रस्त्यावर बांधलेल्या पाणपोया, काहींवर असली नक्षी की बघत राहावं. मशीद बंदरला भात बाजारात केशवजी नायकांचा १८७६ चा आहे, फोर्टात मुळजी जेठांचा. माणसाला पाणी वर आणि गुरांना खाली टाकी, अशी काहींची रचना. व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे तिथेच पाणी प्यायचे.

आणि मैलाचे दगड! फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले, रोमन आकडे कोरलेले. कित्येक वर्षं फुटपाथमध्ये गळ्यापर्यंत पुरलेले होते. लोक त्यावर बसून केळी विकायचे. मागे आम्ही काही जणांनी ते शोधत पहाटे सायकली हाणल्या होत्या. मुंबईत हे फक्त पहाटेच जमतं. सातनंतर तुम्ही स्वतःच मैलाचा दगड होता, जागचे हलत नाही.

---

मुठेकाठची_मीरा

सुंदर फेरी दिसतेय. पण सातारारोडकर, एक प्रॅक्टिकल प्रश्न, जो पुरुष आयोजकांना कधीच सुचत नाही: पहाटे सहापासून दुपारपर्यंत बायकांनी स्वच्छतागृहाचं काय करायचं? मागे एका नावाजलेल्या ग्रुपच्या वॉकला गेले होते. इतिहास भरभरून, पण चार तासांत तशी एकही सोय नव्हती. निम्म्या जणी पाणीच न पिता चालत होत्या. पाण्याच्या फेरीत तरी असं नको.

---

सातारारोडकर

@मीराताई, प्रश्न अगदी रास्त आहे, आणि आमच्यात तो पहिल्यापासून हाताळला जातो. त्याचं श्रेय माझ्या बायकोचं, माझं नाही. नाश्त्याची जागा आम्ही चवीवरून निवडत नाही, तिथलं स्वच्छतागृह बघून निवडतो. सारसबागेपाशी एकदा, मंडईत शिरायच्या आधी एकदा आणि पायी भाग सुरू व्हायच्या आधी एकदा थांबतो. पोहे मध्यम असतात, ते गोड मानून घ्यायचे.

---

खडकवासलेकर_काका

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं म्हणून दोन गोष्टी भर घालतो.

नळाचं खरं कौतुक त्याच्या उतारात आहे. उतार जास्त ठेवला तर पाणी बांधकाम खरवडतं, कमी ठेवला तर गाळ बसतो. मधला साधायचा, तोही आजच्यासारखी यंत्रं हाताशी नसताना. पाणी निवळावं म्हणून वाटेत टाक्या होत्या, गाळ तिथे बसायचा आणि वरचं स्वच्छ पाणी पुढे जायचं. शिवाय नाना फडणिसांनी नऱ्हे-आंबेगावकडून वेगळा नळ आणला, सदाशिव पेठेच्या हौदासाठी. म्हणजे तुमच्या फेरीला एक जुळा भाऊ आहे. त्यावरही काढा कधीतरी.

मग इंग्रजांनी खडकवासल्याला धरण बांधलं, १८६९ ला काम सुरू होऊन दहाएक वर्षांत झालं. पुढे लोखंडी नळ घरोघर जाऊ लागले आणि हौदांची सद्दी संपत गेली. हौद कोणी मुद्दाम पाडले असं नाही. गरज संपली, की मग तिथे कचरा पडतो, मग बुजवतात, मग दुकान होतं. फडके हौदाचं आज फक्त चौकाला नाव राहिलंय.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. पुरानंतर काही दिवस गावात नळाला पाणी नव्हतं, तेव्हा लोक जुन्या विहिरी आणि हौदांकडेच वळले. मी तेव्हा शाळेत होतो. आईनं वाड्यातल्या विहिरीला हात जोडलेले आठवतात.

---

तटस्थ_टिळकरोड

धागा चांगला आहे. पण साध्या सायकल फेरीतही जात आणायलाच हवी का? लोक सुट्टीच्या दिवशी मोकळं व्हायला येतात. नळाची अभियांत्रिकी सांगा, वास्तुकला सांगा. ज्याचं त्याचं राजकारण घरी ठेवावं असं माझं मत. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

---

वाट_पायाखालची

@तटस्थ, दिवे घेतले, पण अंधार गेला नाही.

पाण्याची फेरी काढायची आणि पाणी कोणाला मिळत होतं हे सांगायचं नाही, हे कसं जमायचं? फुल्यांनी हौद खुला केला ही काही मागाहून चिकटवलेली माहिती नाही, तो हौद आज तिथे डोळ्यांसमोर आहे. १८६८ मध्ये पुण्यात हौद खुला होतो आणि १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर पाणी प्यायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागतो. मधली साठ वर्षं गाळून अभियांत्रिकी कशी सांगणार?

माझी आजी नाना पेठेत वाढली. नागझरीच्या अलीकडे कुठली विहीर कोणाची, हे तिला नव्वदीतही तोंडपाठ होतं. ती विहिरी मोजायची त्या "आपली" आणि "त्यांची" अशा. तिच्यासाठी हे राजकारण नव्हतं, रोजचा रस्ता होता.

---

तटस्थ_टिळकरोड

आजींचा मुद्दा पोचला. माझा आक्षेप सांगण्याच्या पद्धतीला होता, विषयाला नाही. असो. धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, करायचा नाहीये. एकदा येऊन बघतो.

---

सातारारोडकर

या नक्की. आणि आमच्यात कोणी व्याख्यान देत नाही. हौदापाशी उभं राहून एवढंच विचारतो: तुमच्या घरी पाणी कुठून यायचं, आणि कोण भरायचं? मग लोकच बोलतात. मागे एक आजोबा त्यांच्या पेठेतल्या पखालवाल्यांबद्दल बोलायला लागले, पाठीवर कातडी पखाल घेऊन सकाळी कोणत्या गल्लीतून कोणत्या गल्लीत जायचे ते. फेरी तिथेच अर्धा तास थांबली, पुढचे दोन थांबे रद्द. मी तरी त्याला तोटा म्हणणार नाही.

---

पाणचक्की

छत्रपती संभाजीनगरहून रामराम! नळाच्या गोष्टी चालल्यात आणि आमची नहर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा कालवा, कोणी काढली नाही?

मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे कात्रजच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी, शहरासाठी नहर खोदली. नहर-ए-अंबरी. पाणचक्कीचं पाणी दुसऱ्या नहरीचं, पण जात तीच. शहराबाहेरच्या डोंगराकडून जमिनीखालून येतं, उभ्या मनोऱ्यात दाबानं वर चढतं आणि खाली पडून जातं फिरवतं. पर्यटक तिथे येतात, तो पाण्याचा पडदा बघतात, वडाखाली सेल्फी काढतात आणि पाणी कुठून येतं ते न विचारताच बीबी का मकबऱ्याकडे पळतात. आम्ही इथे काही जण सायकलवर नहरीचे मनोरे शोधतो. काही कोणाच्या कंपाउंडमध्ये, काही नुसते ढिगारे. आमच्या उन्हात साडेआठला आटपावं लागतं, मार्चपासून तर बंदच.

---

कसब्यातली_सून

सगळे कौतुक करतायत तर मी जरा कडू बोलते.

मी तांबट आळीच्या जवळ राहते. गेल्या काही वर्षांत सुट्टीच्या सकाळी आमच्याकडे जत्रा असते. कधी हेरिटेज वॉक, कधी फोटोग्राफीवाले, कधी रील. वाड्याचं दार उघडं दिसलं की सरळ आत. आमच्या सासूबाई अंगणात न्हाऊन केस वाळवत बसल्या होत्या. कोणीतरी फोटो काढला आणि "जुन्या पुण्याचा श्वास" म्हणून टाकला. आम्हाला तो भाचीनं दाखवला. सासूबाई आता सकाळी अंगणात बसत नाहीत. हे तुमच्या "दुर्लक्षित ठेव्या"चं फळ.

दुसरं. कारागिरांकडे वीस जण येतात, पंधरा मिनिटं त्यांचा हात थांबवतात, "किती सुंदर कला" म्हणतात आणि एक वाटीसुद्धा न घेता जातात. त्यांचा तो कामाचा वेळ असतो, प्रयोग नसतो.

तुम्ही चांगले असाल, पण तुम्ही इथे रस्ता न् रस्ता लिहिलात की बाकीचेही येणार. याचं काय?

---

ब्रेकफेल

बाप रे. हे डोक्यात आलंच नव्हतं.

---

मुठेकाठची_मीरा

सासूबाईंचं वाचून खरंच वाईट वाटलं. तो फोटो काढून टाकायला लावला का?

---

कसब्यातली_सून

@मीरा, हो. भाचीनं भांडून काढायला लावला. पण तोवर कुठे कुठे फिरला असेल कोणास ठाऊक.

---

सातारारोडकर

@कसब्यातली_सून, ताई, तुमचं म्हणणं बिनतोड आहे. आम्ही काय करतो तेवढं सांगतो, कमी वाटलं तर स्पष्ट सांगा.

पायी भागात बारापेक्षा जास्त माणसं घेत नाही. राहत्या वाड्यात शिरत नाही, दार उघडं असलं तरीही. माणसांचा फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि बायकामुलांचा विचारूनही नाही. तांबट आळीत आधी एकाच ओळखीच्या कारागिराला फोन करतो, तो हो म्हणाला तरच, आणि त्यांना वेळेचे पैसे देतो. वर प्रत्येकानं काहीतरी घ्यायचं असा अलिखित नियम आहे. आमच्या घरी त्यामुळे इतके तांब्याचे गडू झालेत की पाहुण्यांना आता परत जाताना देतो.

पण रस्ता जाहीर लिहिण्याचा तुमचा मुद्दा मला खटकला, म्हणजे पटला. म्हणून वाड्यांच्या खुणा आणि कारागिरांची ठिकाणं या धाग्यावर लिहिणार नाही. हौद, उच्छ्वास, देवळं या सार्वजनिक जागा, त्या खुशाल लिहाव्यात. उलट उच्छ्वासांकडे जितके जास्त लोक बघतील तितकं ते कोणी गुपचूप पाडण्याची शक्यता कमी.

---

टोरांटोकर

इथे बर्फ पडतोय आणि मी हा धागा वाचत बसलोय.

@कसब्यातली_सून यांच्या मुद्द्यावरून आठवलं. इथे टोरांटोत २००७ पासून दर मे महिन्यात 'जेन्स वॉक' असतात, नगररचनेवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांच्या आठवणीत. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे वॉक काढणारा बहुतेक वेळा त्याच मोहल्ल्यातला असतो. निवृत्त टपालवाला, किराणावाली, शाळेतली मुलं, कोणीही. पैसे नाहीत, परीक्षा नाही. आपल्या गल्लीबद्दल बोलायचं. म्हणजे बाहेरचा गाइड लोकांना गल्ली "दाखवत" नाही, गल्लीवाला पाहुण्यांना बोलावतो. सगळा सूरच बदलतो. कसब्याचा वॉक कसब्यातल्यांनी काढला तर?

पाण्याचंही साम्य आहे. गॅरिसन क्रीक नावाचा अख्खा ओढा इथे गटारात घालून बुजवलाय. क्रॉफर्ड स्ट्रीटवर त्या ओढ्यावरचा जुना पूल आजही जसाच्या तसा जमिनीखाली आहे. दरी भरली, पूल पुरला, वरून रस्ता. सायकलवर गेलं की मध्येच विनाकारण खोलगट भाग लागतो, तोच ओढा. गाडीवाल्यांना अजिबात कळत नाही. सातारारोडकरांचं उताराचं वाक्य वाचून म्हणूनच हसलो.

---

वाट_पायाखालची

टोरांटोकर, हे भारी आहे. +१.

सातारारोडकर, त्रिशुंड राहिला.

---

सातारारोडकर

हो, त्रिशुंड.

सोमवार पेठेत, नागझरीच्या जवळ. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधायला घेतलं, मूर्तीची स्थापना १७७० ची. बाहेरून जाताना कळत नाही, गल्लीत गाड्या आणि वायरी. समोर उभं राहिलं की मात्र पुण्यात आहोत यावर विश्वास बसत नाही, कारण आपली पेशवाई देवळं बहुतेक साधी, चुन्याची, आणि इथे काळ्या दगडात सगळी दर्शनी भिंत कोरलेली. द्वारपाल, हत्ती, आणि ज्याच्यासाठी मी लोकांना तिथे नेतो तो साखळदंडानं बांधलेला गेंडा, शेजारी टोपी-बंदूकवाले गोरे शिपाई. बंगाल इंग्रजांच्या हाती गेला ती प्लासीची लढाई १७५७ ची. गेंडा म्हणजे बंगाल, तो इंग्रजांनी साखळीनं जखडला, असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. म्हणजे पुण्यातल्या एका गोसाव्याच्या देवळाच्या भिंतीवर बंगालची बातमी. आत संस्कृतसोबत फारसी शिलालेखही आहे. देव तीन सोंडांचा, मोरावर बसलेला.

खाली तळघर आहे, त्यात पाणी असतं आणि गुरुपौर्णिमेला ते उघडतात. म्हणून पाण्याच्या फेरीचा शेवट तिथे. बाकी दिवशी पायऱ्यांपाशी उभं राहायचं. गेंड्यापुढे किमान दहा मिनिटं, ही माझी अट. पहिल्या मिनिटाला सगळे फोटो काढतात. शिपायाच्या पायातले बूट आणि साखळी कुठून कुठे गेलीय ते दिसायला लागतं तिसऱ्या-चौथ्या मिनिटानंतर.

---

गुडघेदुखी_अनलिमिटेड

आयडीवरून कळलं असेलच. सायकल जमणार नाही, चालणं जमेल, पण बसत बसत. येऊ का? सोबत नात आहे, नऊ वर्षांची.

---

सातारारोडकर

@गुडघेदुखी, तुम्ही दोघं थेट मंडईत या, साडेआठला. तिथून पुढचं पायी आहे आणि दर थांब्याला टेकायला कट्टा मिळेल हे बघूनच रस्ता ठरवलाय. नातीला मुख्य रस्त्यावर सायकलवर नकोच, सातारा रस्ता सुट्टीच्या सकाळीही मुलांचा नाही. आमच्यात पुढे एक आणि शेवटी एक असे दोघं ठरलेले असतात. शेवटच्याला आम्ही शेपूट म्हणतो, आणि शेपटाच्या मागे कोणी राहायचं नाही.

---

कसब्यातली_सून

काल रात्री घरी बोलले. आमच्या शेजारचे काका, तांब्याचं काम करतात, तेही हा धागा वाचतात म्हणे (आमच्यापेक्षा जास्त!). त्यांचं म्हणणं असं: रविवारी येऊ नका, शनिवारी या, कारण रविवारी ते उशिरा बसतात आणि तुम्ही आलात की मुद्दाम ठोकून दाखवावं लागतं. शनिवारी दहानंतर खरंच काम चालू असतं. पत्रा कापण्यापासून मठारापर्यंत, म्हणजे भांड्यावर हातोडीचे ठोके देण्यापर्यंत. हातोडीचे ते गोल ठसे नुसते शोभेचे नसतात, ठोकून धातू घट्ट होतो, हे ते स्वतः सांगतील. कल्हईचंही दाखवतील. नवसागराचा धूर होतो, दमा असेल त्यांनी लांब उभं राहा.

अटी: दहापेक्षा जास्त नकोत. व्हिडिओ नाही. आणि टोरांटोकर म्हणतात तसं, आमच्या गल्लीपुरतं मी बोलेन. सातारारोडकरांनी तिथे ऐकायचं.

---

सातारारोडकर

सगळ्या अटी मान्य, शेवटची तर आनंदानं. बाराचे दहा करतो.

मग फेरी या वेळी शनिवारी. सव्वासहाला कात्रज तळ्यापाशी, आत कुठवर जाता येतं ते गेटवर विचारून ठरवू. सारसबाग, ओढा, फुले वाडा, साडेआठला मंडई, पोहे, मग बाहुलीचा हौद. दहाला कसबा. तिथून त्रिशुंड साडेअकरा. प्रत्येकानं पाण्याची बाटली, एक जादा ट्यूब आणि थोडे रोख पैसे आणायचे, तांबट काकांकडे कार्ड चालत नाही.

नावं इथे नको, व्यनित कळवा. सायकलवाले सात, मंडईपासून तीन.

---

खडकवासलेकर_काका

मंडईच्या तिनांतला एक मी. फुले वाडा मात्र सायकलवाल्यांच्या आधी गाठीन, रिक्षानं. तुम्ही हौदाची खोली कोणाला चुकीची सांगताय का ते बघायचंय.

---

तटस्थ_टिळकरोड

सायकलच्या सातांत माझं धरा. व्यनि केलाय. ट्यूब २६ ची लागेल की २७.५ ची, ते आधी बघतो. सायकल कधीची माळ्यावर आहे.

---

ब्रेकफेल

@तटस्थ, माळ्यावरून काढलीत की आधी ब्रेक बघा. अनुभवाचे बोल.